रस्ता रुंद झाला आणि आम्ही परके झालो

माझ्या गाडीवाल्या गावकऱ्यांनो,



मी बीड तालुक्यातला एक ग्रामीण डाक सेवक. धुळे–सोलापूर महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या गावांत सायकलवर टपाल वाटतो. तुमच्यातले बरेच जण मला नावानं ओळखतात, पोरीबाळी पोस्टमन मामा म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली. आपणच सगळ्यांना उघडं पत्र लिहावं अशी वेळ येईल, असं कधी मनात आलं नव्हतं. पण परवा पारावर जे बोलणं झालं, ते काही केल्या डोक्यातून जाईना. ‘सायकलवाल्यांना हायवेवर बंदीच घातली पाहिजे,’ असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथंच बसलो होतो. माझी सायकल पाराला टेकवलेली होती. कुणाला काही वाटलं नाही. परक्या गावचा माणूस बोलला असता तर मी ऐकून सोडून दिलं असतं. बोलणारे तुम्ही होता.

तुम्ही आणि मी एकाच दुकानातून तासावर सायकल भाड्यानं घेत होतो. सीटवर बूड टेकत नव्हतं तेव्हा नळीखालून पाय घालून शिकलो, ढोपरं फोडून घेतली. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील हँडलला दुधाच्या कॅना अडकवून बीडला जायचे, कॅरिअरवर बाजरीचं पोतं बांधून मोंढा गाठायचे. त्या सायकलींवर तुमची शिक्षणं झाली. हे उपकार म्हणून सांगत नाही. सायकल चालवणारा माणूस कोण असतो हे तुम्हाला बाहेरून कुणी समजावून सांगायची गरज नाही, एवढंच म्हणतो. म्हणून तर जास्त लागतं.

तेव्हा या रस्त्याचा नंबर २११ होता. दोनच गाड्या मावतील एवढं डांबर, दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं. समोरून ट्रक आला की एसटीवाला वेग कमी करायचा आणि आम्ही साइडपट्टीवर उतरायचो. अपघात तेव्हाही होत होते, मी खोटं सांगणार नाही. पण रस्त्यावर आपणही आहोत, असं वाटायचं. आता नंबर ५२ झाला, रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला. या रस्त्याला माझा विरोध नाही. बाळंतिणीला घेऊन जाणारी १०८ आता वेळेत पोचते, आजारी माणूस संभाजीनगरला नेता येतो. गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत गावागावांत लोकांनी जमिनीच्या पट्ट्या दिल्या. आमच्याही शेताची कड गेली. मोबदला आला, कुणी घर बांधलं, कुणी मुलीचं लग्न केलं, काहींच्या दारात चारचाकी आली. आनंदच झाला मला. पेढे वाटले त्या प्रत्येक घरी मी गेलो.

मला एवढंच कळत नाही, की जमीन गावाची, जुना रस्ता गावाचा, मग तो रुंद झाल्याबरोबर गावातलाच माणूस त्यावर उपरा कसा झाला? समृद्धी महामार्गावर सायकल चालवू द्या, असं मी कधी म्हटलेलं नाही. तो नव्या जमिनीवरून काढलेला नवा रस्ता आहे. तिथं मोटारसायकललाही परवानगी नाही, आणि त्यानं कुणाची जुनी वाट बंद केलेली नाही. आमचा रस्ता तसा नाही. तो आमच्या दोन शिवारांमधून जातो. पलीकडच्या गावाला जायला दुसरी वाट ठेवलीच नाही. सर्व्हिस रोड आहे तो पुलाजवळ थोडा, पुढं एकदम संपतो. संपतो तिथं पाटी नाही, वळण नाही, सायकल थेट मुख्य रस्त्यावर येते. मग तुम्ही हॉर्न मारता.

गेल्या श्रावणात घडलेली गोष्ट सांगतो. सकाळचं टपाल घेऊन मी पांढऱ्या पट्ट्याबाहेरून, अगदी कडेनं चाललो होतो. पुढं एक मालट्रक टायर बदलत उभा होता, मागं ना फांदी ठेवलेली ना दगड. त्याला वळसा घालायला मला पट्ट्याच्या आत यावं लागलं. मागं बघितलं, हात करून खूण केली. मागून हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. ट्रक ओलांडून मी परत कडेला येतच होतो, तेवढ्यात गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी खडीत पडलो. कॅरिअरचा चिमटा सुटला आणि टपाल पसरलं: एटीएम कार्डाची पाकिटं, बँकेच्या नोटिसा, पीक विम्याचे कागद, एका पोराचं नोकरीचं पत्र. गाडी पुढं जाऊन थांबली. माणूस खाली उतरला. मला वाटलं, उठवायला येतोय. त्यानं आरशावरून बोट फिरवून ओरखडा पडला का ते पाहिलं, माझ्याकडं बघून म्हणाला, ‘मरायला हाच रस्ता सापडला का रे?’ आणि निघून गेला.

मी त्याला ओळखलं. त्यानंही मला ओळखलं असावं. त्याच्या मुलाचा पासपोर्ट मीच त्याच्या घरी दिला होता, त्याच्या आईनं मला चहा पाजला होता. नाव लिहिणार नाही, कारण हे एका माणसाबद्दल नाही. कोपर सोलवटलं होतं, ते आठ-पंधरा दिवसांत भरून आलं. वयानं मी त्याच्यापेक्षा मोठा, इतकी वर्षं मला अहो-जाहो करणारा तो माणूस. गाडीतून उतरल्यावर त्याच्या तोंडून ‘रे’ निघाला, तो अजून कानात आहे.

आता तुमच्या तक्रारी. त्या मी ऐकून घेतो, कारण त्यांतल्या काही खऱ्या आहेत.

तुम्ही म्हणता, सायकलवाले उलट्या दिशेनं येतात. येतात. पण का येतात ते एकदा खाली उतरून बघा. आमच्या फाट्यावरून शाळेच्या बाजूला जायचं, तर दुभाजकातला रीतसर कट दोन किलोमीटर पुढं. म्हणजे तेवढं पुढं जायचं, वळायचं आणि तेवढंच मागं यायचं. गाडीला त्याला चार-पाच मिनिटं लागतात. उन्हाळ्यात, वारं तोंडावर असताना, सातवी-आठवीतल्या पोरीला ते अंतर किती पडतं याचा विचार रस्ता आखताना कुणी केला नाही. मग पोरं उलट्या बाजूनं कडेकडेनं येतात, नाहीतर दुभाजकावरून सायकल उचलून नेतात. मोठी माणसं मोटारसायकलवर तेच करतात, ट्रॅक्टरवालेही करतात. बंदीची भाषा मात्र सायकलपुरतीच.

तुम्ही म्हणता, सायकलला लाइट नसतो, संध्याकाळी दिसत नाही. बरोबर आहे. मी मागं लाल रिफ्लेक्टर लावलाय आणि शाळेतल्या पोरींच्या सायकलींनाही लावून देतो. पण दसरा झाला की आपल्याच जिल्ह्यातून ऊसतोडीला कोयत्याच्या टोळ्या निघतात. मग ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून अंधारात चालतात, मागं दिवा नसतो. गोदाकाठची वाळू घेऊन हायवा येतात, तिकडं परळीकडं राखेचे हायवा धावतात, ताडपत्री नीट बांधलेली नसते आणि राख उडून डोळ्यांत जाते. त्यांना रस्त्यावरून काढा, असं पारावर कुणी म्हणत नाही. म्हणायला धाडस लागतं. सायकलवाल्याला बोलायला काही लागत नाही.

आणि टॅक्स. हे तुम्ही फार जोरात बोलता, ‘तुम्ही रोड टॅक्स भरत नाही, टोल भरत नाही.’ पाडळशिंगीच्या टोलनाक्यावर मोटारसायकललाही टोल लागत नाही. मग त्यांना का नाही म्हणत घरी बसा? कर आम्हीही भरतो, साबणावर भरतो, टायर-ट्यूबवर भरतो, पोरांच्या कपड्यांवर भरतो. माझ्या सायकलनं आजवर या डांबरात एक खड्डा पाडलेला नाही.

पोरी तिघी-तिघी जोडीनं चालतात, गप्पा मारतात, हीसुद्धा तक्रार आहे. त्या पोरींबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे.

राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देतं. आधी साडेतीन हजार मिळायचे, २०२२ मध्ये ते पाच हजार केले. बिहारनं असं २००६ पासून केलं. नंतर अभ्यासकांनी मोजलं तेव्हा दिसलं, की हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास तिसऱ्या हिश्शानं वाढलं. आपल्याकडं त्याचा अर्थ मी रोज बघतो. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. पोर पहाटे पाणी भरते, भाकरी करते, आजीला जेवू घालते आणि सायकल काढून शाळेला निघते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एसटीचा संप सुरू झाला तो पुढं पाच-सहा महिने चालला. पोरींच्या एसटीच्या फुकट पासचा काही उपयोग राहिला नाही. ज्यांच्याकडं सायकल होती त्या शाळेत आल्या, बाकीच्या कित्येक घरी बसल्या.

आमच्या फाट्यावर सकाळी दहाच्या सुमाराला कधी गाडी बाजूला लावून थांबा. एक पोर दुभाजकावर चढते, दुसरी खालून पुढचं चाक वर देते, तिसरी कॅरिअरला धरून ढकलते. सायकल वर गेली की दोन्ही बाजूंनी गाड्या चालू असताना तिघी त्या फूट-दीड फुटाच्या कट्ट्यावर उभ्या राहतात. हायवा गेला की वाऱ्यानं ओढण्या उडतात आणि त्या एकमेकींचे दंड घट्ट धरतात. मग मोकळं सापडलं की सायकल खाली उतरवतात. अशा तीन सायकली उतरल्या की पळत पलीकडं. त्यानंतर शाळेपर्यंतच्या तेवढ्या तुकड्यात त्या जोडीनं चालतात आणि बोलतात, हे खरं आहे. तेव्हाच तुमचा हॉर्न वाजतो.

एका आजीनं गेल्या वर्षी नातीची शाळा बंद केली. मी निराधार योजनेचे पैसे द्यायला गेलो होतो. पोस्टाच्या बँकेच्या मशीनवर अंगठा घेताना विचारलं, पोर घरी कशी? म्हणाली, ‘मामा, रोज जीव टांगणीला लागतो. तिच्या आई-बापानं विचारलं तर काय तोंड दाखवू? एकदाचं उजवून टाकते.’ मी काय बोलणार होतो? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास ४४ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. त्याला कारणं पुष्कळ आहेत, गरिबी आहे, स्थलांतर आहे, हुंडा आहे. पण त्या घरात मी जे ऐकलं, त्यात कारण तो रस्ता होता. सायकल सरकारनं दिली, पोर चालवायला शिकली, आणि ती चालवायची कुठं हेच कुणी सांगितलं नाही.

आता बंदीबद्दल. तुम्ही ती गोष्ट सहज बोललात, पण ती होऊ शकते म्हणून मला भीती वाटते. कोलकात्यात २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली होती. दूधवाले, पेपरवाले, फेरीवाले यांच्या पोटावर पाय आला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३८ मध्ये एक पोटकलम आलं. पायी चालणारे आणि इंजिन नसलेली वाहनं सार्वजनिक ठिकाणी आणि राष्ट्रीय महामार्गांवर कशी वावरतील, याचे नियम राज्य सरकारला करता येतील असं त्यात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं, की हे नियम सहा महिन्यांत करा. न्यायालयाचा हेतू पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा जीव वाचावा हा आहे. पण नियम लिहिणाऱ्याच्या हातात दोन्ही वाटा असतात. सायकलसाठी जागा करा, असंही लिहिता येतं आणि सायकलला मज्जाव करा, असंही. दुसरं स्वस्त पडतं. त्यात तुमच्यासारखे लोक ‘बंदी घाला’ म्हणू लागले, तर तेच सोपं वाटणार.

रस्त्यावर जीव कुणाचा जातो, तेही बघा. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पाचातला एक पायी चालणारा होता. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तर मेलेल्याच्या घरच्यांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात, तेही १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. खरं सांगायचं तर हे पैसे मिळतात हेच कित्येक घरांना माहीत नसतं. अर्ज भरून द्यायला मी दोन घरी बसलो आहे, म्हणून हे आकडे तोंडपाठ झाले.

‘मग मोटारसायकल का घेत नाही?’ असं मला विचारलं जातं, बहुतेक वेळा आपुलकीनं. पेट्रोल शंभराच्या वर आहे, डाक सेवकाचा पगार तुम्हाला माहीत आहे, हे एक. पण समजा उद्या मी घेतली, तर त्या पोरींचं काय? शेतावर जाणाऱ्या म्हाताऱ्याचं काय? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी ४५ घरांत सायकल होती, २१ घरांत मोटारसायकल-स्कूटर आणि पाच घरांतही मोटार नव्हती. त्यानंतर दिवस पालटले असतील, तरी सगळ्यांच्या दारात गाडी आलेली नाही. ज्यांच्या दारात नाही त्यांनी जायचं कसं, याचं उत्तर ‘गाडी घ्या’ हे कसं होईल?

रस्त्यात आमच्यासाठी जागा करणं अवघड आहे, असं मला कुणी सांगू नये. पुण्याहून पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग चौपदरी करायचं ठरलं, तेव्हा त्याच्या दोन्ही कडांना वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आखली. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. महामार्गाला लागून चालणाऱ्यांची वाट ठेवता येते, हे आपल्याच राज्यात कागदावर मंजूर झालेलं आहे. आणि तुम्हाला थांबताही येतं. मुक्ताबाईंची पालखी बीडवरून जाते तेव्हा तुम्ही गाडी कडेला घेता, उतरून पाया पडता, कुणी केळी वाटतं, कुणी पाणी. शनिवारी पेंडगावच्या मारुतीला चालत जाणाऱ्यांना तुम्ही सांभाळून घेता. त्या दिवशी कुणाला उशीर होत नाही. मी तुमची भक्ती खोटी म्हणत नाही, मीही हात जोडतो. पण टाळ हातात असलेल्या पोरीला वाट मिळते आणि दप्तर पाठीवर असलेल्या पोरीला मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मला तुमच्याकडून दया नको. मागून येताना चार हात अंतर ठेवा, पुढं काढताना वेग कमी करा, रात्री समोर सायकल दिसली की अप्पर लाइट खाली घ्या. साइडपट्टीवर गाडी लावून भजी खायला बसू नका, कारण तुम्ही अडवलेली ती दोन हात जागा आमचा सगळा रस्ता आहे. हे आजपासून होण्यासारखं आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

बाकीचं एकट्यादुकट्याच्या हातात नाही. म्हणून येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडतो आहे. शाळेच्या फाट्यावर सायकल आणि बैलगाडी जाईल असा बोगदा व्हावा. तो होईपर्यंत शाळा भरताना आणि सुटताना तिथं वेग कमी करायची व्यवस्था आणि माणूस असावा. अर्धवट सोडलेला सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंनी पुढच्या कटापर्यंत न्यावा. आणि नवे नियम करताना गावातल्या सायकलवाल्यांचं ऐकल्याशिवाय या रस्त्यावर सायकलबंदी घालू नये. अर्ज लिहून तयार आहे, पोरींच्या सह्या घेतल्या आहेत, त्यांच्या आज्यांचे अंगठे घेतले आहेत. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे. पाहिजे तर तिथं एखाद्या सायकलवाल्याची सही मला आजच मिळेल, पण ती सही तुमच्यापैकी कुणा चारचाकीवाल्याची असावी असं मला वाटतं. कागद माझ्या पिशवीत आहे. दुपारी चारपर्यंत मी शाखा डाकघरात असतो.

आपला,
एक ग्रामीण डाक सेवक
ता. जि. बीड